जाऊन आलेल्यांचं गाणं

तिसरी-चौथीच्या मुलींना गाणं शिकवायचं काम माझ्याकडे आलं, ते माझा गळा चांगला होता म्हणून नव्हे. मुलींच्या त्या शाळेत शिकवणाऱ्या आम्ही दोघीच, आणि हेडबाईंना दमा. दोन ओळी म्हटल्या की त्यांना भिंतीला टेकून बसावं लागे. तेव्हा शनिवारचा गाण्याचा तास माझ्या गळ्यात पडला आणि पुढं पंचवीस वर्षं, कुठल्याही शाळेत बदली झाली तरी, तो काही सुटला नाही.

गाव दोंडाईच्यापासून बैलगाडीनं दीड तासावर. कापसाचा बाजार, चार मारवाडी पेढ्या, बाकी सगळी शेतकऱ्यांची घरं. पुण्याला ट्रेनिंग करून मी तिथं आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. माझं सासर जळगावचं. तिथं मी तीन वर्षं काढली आणि नंतर धुळ्याला वडिलांकडे परत आले. त्यांनी टाकलं की मी सोडलं, यावर धुळ्यात आणि जळगावात बरंच बोलणं झालं होतं. मी त्यात पडले नाही. नवीन गावी कुणी विचारलं तर "सासरी जात नाही" एवढंच सांगायची. लोक उरलेलं आपापल्या मनानं भरून घेत.

गाण्याच्या तासाला पुस्तकातल्या कविता होत्या. पहाट, पाखरं, ईश्वराची करुणा, विलायतेच्या बादशहांना उदंड आयुष्य. मुली त्या पाढ्यांसारख्या म्हणत. डोळे खिडकीबाहेर, तोंड आपलं चालू. त्यांच्या घरी सगळे अहिराणी बोलत, आणि पुस्तकातली पहाट कुठल्या तरी दुसऱ्याच गावची होती. मी पट्टी आपटून ठेका धरी, आणि मलाच जांभई येई.

मग एका दुपारी, मधल्या सुट्टीत, शाळेमागच्या निंबाखाली गाणं ऐकू आलं. तिसरीतली एक मुलगी चिंचोके खेळता खेळता गुणगुणत होती. अकरा वर्षांची, काटकुळी, सावळी. बोलताना जीभ अडखळायची, पण गाताना तसं काही नव्हतं. मी दाराशी उभी राहून ऐकलं.

"दोर सरना वं माय, पानी गये खोल,
सांगू कोनले वं माय, मना मनना बोल."

विहिरीचं पाणी खोल गेलंय, दोर पुरत नाही, मनातलं कुणाला सांगू. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खानदेशात सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात आणि अशी गाणी म्हणतात. मीही लहानपणी धुळ्यात ऐकली होती. पण ऐकून सोडून दिली होती. त्या दिवशी मात्र मी तिथंच खिळून उभी राहिले. घंटा द्यायची वेळ झाली, तीही विसरले. शेवटी हेडबाईंनी स्वतः येऊन घंटा दिली.

शनिवारी मी तिला वर्गापुढं उभं केलं. आधी ती घाबरली.

"शाळेत हाई चालस का?" तिनं विचारलं. शाळेत हे चालतं का?

"आज चालतं," मी म्हटलं.

तिनं पहिली ओळ म्हटली आणि दुसरीला एकोणीस मुलींनी ती उचलली. कुणाला शिकवावं लागलं नाही. प्रत्येकीच्या घरात ते होतंच. मागच्या ओळीतली एक मुलगी कधीच तोंड उघडत नसे, तिला मी मुकीच समजून चालले होते. तिचा आवाज सगळ्यांच्या वर. त्या तासाला मला पट्टी आपटावी लागली नाही.

पुढच्या दोन महिन्यांत मी त्यांच्याकडून गाणी लिहून घेतली. एका वहीत, शाईनं. मुली घरी जाऊन आज्यांना, काक्यांना विचारून येत आणि सोमवारी कडवी आणत. बहुतेक गाणी झोक्याची, भावाची, गौराईची. पण माझं मन त्या विहिरीच्याच गाण्यावर बसलं होतं. आज इतक्या वर्षांनी खरं सांगायला हरकत नाही: ते गाणं मी मुलींसाठी निवडलं नव्हतं. माझ्यासाठी निवडलं होतं. तीन वर्षांत जे मला कुणाला सांगता आलं नाही, ते एकोणीस लहान पोरी मोठ्यानं म्हणत होत्या. मला ते बरं वाटत होतं.

माघात बक्षीस समारंभ झाला. धुळ्याहून शाळा तपासणारे दिपोटी साहेब आले. पुढं सतरंजीवर स्कूल कमिटीची मंडळी, मागं गावकरी, आणि उजव्या अंगाला, पहिल्यांदाच, बायकाही बसल्या. आपल्या मुली गाणार म्हणून आल्या होत्या. प्रार्थना झाली, बादशहांची कविता झाली. मग ती मुलगी पुढं आली आणि तिनं दोर सरल्याचं गाणं धरलं. दुसऱ्या कडव्याला बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांशी गेले. एक म्हातारी तर हुंदके द्यायला लागली. पुरुष खाली सतरंजीकडे पाहत होते. दिपोटी साहेबांना त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक, पण त्यांनी "छान, अस्सल आहे" असा शेरा दिला. मी त्या दिवशी भाकरी पोटभर खाल्ली, एवढं आठवतं.

चौथ्या दिवशी तिघंजण शाळेत आले. कमिटीचे अध्यक्ष, कापडाचे मोठे व्यापारी, ज्यांना सगळं गाव शेठजी म्हणे. त्या मुलीचे वडील, नाना. आणि नानांची थोरली विधवा बहीण, अक्का. अक्का आत आल्या नाहीत. दाराबाहेर पायरीवर बसल्या.

शेठजी भले माणूस. शाळेचं छप्पर त्यांनीच शाकारून दिलं होतं. ते सावकाश म्हणाले, "बाई, गाण्याला आमची ना नाही. पण देवाचं शिकवा, नीतीचं शिकवा. एवढ्या एवढ्या पोरींच्या तोंडी हे रडगाणं कशाला? माझ्या नातीनं घरी जाऊन विचारलं, सासरी पाणी नसतं का म्हणून. सात वर्षांची आहे ती."

मी म्हटलं, "शेठजी, गाणं माझं नाही. याच गावातलं आहे. दर अखाजीला तुमच्या दारातल्या निंबाला झोका बांधून बाया हेच गातात."

त्यावर नाना बोलले. ते तोपर्यंत पागोटं मांडीवर घेऊन गप्प बसले होते. माझ्याशी बोलताना ते शुद्ध बोलायचा प्रयत्न करत, पण त्या दिवशी ते सुटलं.

"बाया गातस, बाई. बठ्ठ्या गातस. पन ज्या जाईसन उन्यात, त्या गातस. पोरनी आधीच कसाले गावानं?"

ज्या जाऊन आल्या, त्या गातात. पोरीनं आधीच का गावं? ट्रेनिंगमध्ये आम्हाला बालकांच्या वयाला झेपेल असं शिकवावं म्हणून पानंच्या पानं लिहायला लावली होती. त्या पानांत जे नव्हतं ते या माणसानं एका वाक्यात सांगितलं.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. मुलीचं लग्न नवव्या वर्षी झालं होतं. सासर नरडाण्याकडचं. या अखाजीनंतर तिला पाठवायचं ठरलं होतं. समारंभ झाल्यापासून ती जेवत नव्हती. आई केस विंचरायला बसली की म्हणे, "माले नही जानं." सासरहून दिवस ठरवायला माणूस आला, तेव्हा कणगीमागं जाऊन लपली.

"आधी हासत व्हती," नाना म्हणाले. "नवं लुगडं भेटी म्हनीसन मोजत व्हती दिवस."

मला तेव्हा जे बोलायला हवं होतं ते मी बोलले, पण आवाज चढवून बोलले, आणि ते चुकलं. मी म्हटलं, "गायला ती लहान आहे, आणि नांदायला मोठी आहे का?"

शेठजींनी नजर फिरवली. त्यांच्याही घरी काय वेगळं होतं! तेवढ्यात पायरीवरून अक्कांचा आवाज आला. माझ्याकडे न बघता, अंगणाकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "जी सोता नांदनी नही, ती आम्हन्या पोरीसले काय शिकाडी?"

नाना उठले आणि बहिणीवर खेकसले, "अक्का, गप बस!" पण शब्द बोलून झाला होता. वर्गात मुली होत्या. त्यांनी ऐकला. ती मुलगीही होती.

शेठजी जाता जाता म्हणाले की तक्रार धुळ्याला लोकल बोर्डाच्या ऑफिसात जाणार. गाणं मुलांच्या वयाला अयोग्य होतं असं मी लिहून दिलं तर ते तिथं मिटवतील. हेडबाई संध्याकाळी माझ्याकडे आल्या. त्यांना श्वास लागला होता. म्हणाल्या, "लिहून दे आणि मोकळी हो. तुझ्यासारखीला दुसरी नोकरी कोण देणार आहे?" त्या वाईट अर्थानं बोलल्या नाहीत. त्याही माझ्यासारख्याच एकट्या, नोकरीवर जगणाऱ्या होत्या.

मी दोन दिवस लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या मुलीची आई आली. डोक्यावर गवताचा भारा होता. तो तिनं दाराशी उतरवला आणि उंबऱ्याबाहेरच बसली. मला वाटलं, हीही भांडायला आली. पण ती खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, ते गानं मीच तिले शिकाडं. झोकावर. तुम्हनी चूक नही."

मी तिला पाणी दिलं. ती प्यायली नाही, तांब्या हातात धरून बसली. मग म्हणाली, "एखादं दुसरं गानं शिकाडा तिले. जावाले हिंमत यी, असं. तुम्ही शिकेल शेतस. तुम्हले माहीत राही."

एवढंच मागून ती बाई भारा उचलून गेली.

मी शोधलं. पुस्तकं चाळली, माझी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्यांकडे जाऊन बसले. सासरी जाणाऱ्या पोरीला हिंमत यावी असं गाणं? त्यांतली एक बोळक्या तोंडानं हसली आणि म्हणाली, असं गाणं असतं तर आम्हीच नसतं का म्हटलं! शेवटी मीच दोन कडवी जुळवली. सासरच्या अंगणी फुलवीन जाई, असं काहीतरी. शनिवारी वर्गाला शिकवली. मुलींनी ती बादशहांच्या कवितेसारखी म्हटली. तास संपल्यावर ती मुलगी टेबलाशी आली.

"हाई गानं कोन गास, बाई?"

"कुणीही गावं," मी म्हटलं.

"आम्हना घर कोनी गात नही." एवढं बोलून ती पाटी घेऊन गेली. मुलांना खोटं लगेच कळतं. मी ती दोन कडवी फाडून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांच्या मळ्यात गेले. बाई एकटी चालत शेतावर आली हे बघून ते मोटेवरून घाईनं खाली आले. बैल तसेच उभे राहिले. मी आडपडदा न ठेवता सांगितलं, "नाना, शेठजी म्हणतात तसं मी लिहून देते. गाणं अयोग्य होतं, माझी चूक झाली, पुन्हा होणार नाही. पण तुम्ही तिला एक वर्ष ठेवा. चौथी होऊ द्या. जावई धुळ्याला शिकतोय ना? शिकलेली बायको त्यालाही हवीच असेल. तेवढं निमित्त पुरेल."

नाना बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मी तरी काय तिले खुशीनं सासरले धाडस, बाई?"

आणि थोड्या वेळानं, "अक्काले मी समजाडसू."

मी लिहून दिलं. कागद शेठजींच्या पेढीवर, त्यांच्यासमोर लिहिला. "सदरहू गीत लहान मुलींच्या वयास अनुचित असून" अशी सुरुवात मला अजून पाठ आहे, कारण त्यापुढचं वाक्य तीनदा खोडावं लागलं. शेठजींनी कागद वाचला, घडी घातली आणि मला चहा पाजला. वहीही त्यांनी मागितली. मी दिली. ती धुळ्याला गेली की त्यांच्या फडताळात राहिली, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

ती मुलगी वर्षभर शाळेत आली. चौथीत गणितात दुसरी आली. पण गायली नाही. मी लिहून दिल्याचं तिच्या कानावर गेलं होतं. असल्या गोष्टी गावात झाकून राहत नाहीत. गाण्याच्या तासाला ती ओठ हलवी, आवाज काढत नसे. एकदा मी तिला जवळ बोलावून सगळं समजावून सांगायचा विचार केला. तुझ्यासाठी लिहिलं, एक वर्षासाठी लिहिलं. मग वाटलं, अकरा-बारा वर्षांच्या पोरीवर हे ओझं कशाला? आणि खरंच का ते सगळं तिच्यासाठी होतं? नोकरीही वाचली होतीच ना माझी.

पुढच्या अखाजीनंतर ती गेली. मी पोचवायला गेले नाही. शाळेसमोरूनच गाडी गेली. ती रडत नव्हती, आई रडत होती.

सहा-सात वर्षांनी माझी बदली झाली. धुळ्याला निघाले असताना नरडाणा स्टेशनवर गाडी थांबली. फलाटावर एक तरुण बाई डब्याडब्यातून डोकावत कुणाला तरी शोधत होती, कडेवर मूल. मला पाहून थांबली आणि खिडकीशी आली. मी तिला ओळखलंच नाही. अंगानं भरली होती, कपाळावर ठसठशीत कुंकू. मग ती "बाई" म्हणताना थोडी अडखळली, आणि मी ओळखलं.

"सासर कसं आहे?" मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"सासू बरी शे," ती म्हणाली. "माले उठू देत नही बाळंतपनम्हां. मायपेक्षा बरी शे." आणि हसली. नवरा मुलकी खात्यात कारकून झाला होता. ती त्याच्या मोठ्या भावाला घ्यायला आली होती. सासरी विहीर दारातच होती, असंही तिनं आपण होऊन सांगितलं.

"गातेस का?"

"अखाजीले गास ना." जणू मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं. मग तिनं दीर दिसला म्हणून मुलाला सावरलं आणि पुढच्या डब्याकडे पळाली.

गाडी सुटल्यावर मी हिशेब लावत बसले. ती सुखात होती. म्हणजे नाना बरोबर होते का? मी त्या पोरीला एक वर्षभर उगाच घाबरवलं का? की ते एक वर्ष मिळालं म्हणून ती बारा वर्षांची होऊन गेली, थोडी धट्टीकट्टी होऊन गेली, आणि म्हणून निभावलं? की सासू चांगली निघाली, एवढाच नशिबाचा भाग? जळगाव, चाळीसगावला गाडी बदलून धुळं येईपर्यंत मला काही ठरवता आलं नाही. पुढंही आलं नाही.

त्यानंतरच्या तक्रारी मी मोजल्या नाहीत. एका वर्षी प्रभातफेरीची गाणी मुलींच्या तोंडी आली, तेव्हा सरकारी नोकरीतले बाप आले. मुलींना ती शिकवू नका, म्हणाले, आम्हाला जाब विचारला जातो. ती मी शिकवली नव्हती, मुली रस्त्यावरून शिकल्या होत्या, पण ऐकून मलाच घ्यावं लागलं. मग धुळ्यात बोलपट आले, चहाच्या दुकानांतून फोनोची तबकडी वाजायला लागली, आणि आठ वर्षांच्या पोरी कंबर हलवून गायला लागल्या. तेव्हा आलेल्या आया खरोखर घाबरलेल्या होत्या आणि मला त्यांचं पटलंही. एकीनं विचारलं, "बाई, याचा अर्थ पोरीनं विचारला तर मी काय सांगू?" मी म्हटलं, मलाही ठाऊक नाही. बोर्डानं मग पसंत गाण्यांची यादी पाठवायला सुरुवात केली. ती तपासायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. एके काळी जिच्याविरुद्ध तक्रार झाली ती बाई आता दुसऱ्यांची गाणी खोडत होती. मी ते चोख केलं. थकलेल्या माणसाच्या हातून असली कामं चांगली होतात.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी धुळ्याच्या आमच्या शाळेत झेंडावंदनाला मुलींनी गायचं ठरलं. एका तरुण मास्तरांनी नवं गीत रचलं होतं. त्यात रक्त सांडण्याचं, माथे अर्पण करण्याचं एक कडवं होतं. आदल्या दिवशी तालीम चालू असताना पहिलीतल्या मुलीची आई आली. जवळच्या गल्लीतली, हाताला कणीक लागलेली तशीच. म्हणाली, "बाई, माझी पोरगी विचारतेय, उद्या आपल्याला मरायचं आहे का? सहा वर्षांची आहे हो. एवढं कडवं गाळता नाही का येणार?"

मास्तर लाल झाले. देशासाठी एवढंही नको का, म्हणाले, अर्थ मोठेपणी कळेल. दोघंही माझ्याकडे बघत राहिले. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. दोघांचंही खरं होतं, आणि मला वाद घालण्याची ताकद नव्हती.

"लहान मुली तेवढ्यापुरत्या गप्प राहतील," मी म्हटलं. "मोठ्या मुली म्हणतील. मास्तर, त्यांना खूण करायचं तुम्ही बघा."

ती बाई हात जोडून गेली. मास्तर नाराज होऊन पेटीकडे वळले. दुसऱ्या दिवशी ते कडवं आलं तेव्हा मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं. पहिलीच्या सगळ्या मुली तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि पाहुण्यांना वाटलं की तो कवायतीचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मागं जाऊन बाकावर बसले आणि पेढे वाटून होईपर्यंत तिथंच राहिले.